हिशेबी पुरुष : नामदार गोपाळ कृष्ण गोखले

सरळव्याज, नफातोटा व भागीदारी यांची उदाहरणे फळ्यावर मांडली की वर्गातून एक प्रश्न आम्हांस दरसाल ऐकू येतो. या गणितांचा पुढे आयुष्यात उपयोग काय, असा तो प्रश्न. विचारणाऱ्याचा आम्हांस कधी राग येत नाही. उलट असे वाटते की, उचल, व्याज, बाकी हे शब्द आमच्या बीड जिल्ह्यातील कित्येक मुलांच्या कानी पुस्तकात येण्यापूर्वीच घरी पडलेले असतात. फक्त घरातले ते शब्द व फळ्यावरचे ते आकडे एकच आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलेले नसते. ते ध्यानात आणून देण्यास सूत्रे पुरी पडत नाहीत. त्यासाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्रच सांगावे लागते. म्हणून यंदाच्या वार्षिकासाठी आम्ही नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र निवडले आहे. ते थोर देशभक्त होते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते प्रथम अंकगणिताचे शिक्षक होते, व हिशेब मांडण्याची जी सवय त्यांना गरिबीत लागली तीच घेऊन ते पुढे साऱ्या हिंदुस्थानच्या तिजोरीचा जाब विचारण्यास उभे राहिले, ही गोष्ट तितकी ठाऊक नसते.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागल येथे नोकरीस होते. मिळकत बेताची, खाणारी तोंडे पुष्कळ. १८७९ साली कृष्णराव वारले तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव हेही तेव्हा अठराच्या आसपासचे. संसाराचा भार अंगावर येताच त्यांनी आपले शिक्षण सोडले व कागल येथे दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली. त्या १५ रुपयांतून ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापुरास पाठवीत.

वाचकहो, हे वजाबाकीचे उदाहरण येथे थांबून मनात सोडवावे. पंधरांतून आठ गेले, सात उरले. त्या सातांत उरलेल्या सर्व कुटुंबाने जेवावयाचे होते. म्हणजे ज्या भावाचे शिक्षण सुटले त्याच्या मिळकतीचा मोठा वाटा, ज्याचे शिक्षण चालू राहिले त्याच्याकडे जात होता. कोल्हापुरात बसलेल्या त्या तेरा वर्षांच्या मुलास हे पुरते कळत होते. आपल्या हातातील रुपया हा आपला नव्हे, तो कोणाच्या तरी ताटातून आलेला आहे, ही जाणीव त्याला या वयात झाली व ती अखेरपर्यंत गेली नाही. आमच्या मते गोखल्यांच्या साऱ्या अर्थशास्त्राचे मूळ या वजाबाकीत आहे.

त्या काळची एक लहानशी हकीकत त्यांचे चरित्रकार सांगतात. एका सोबत्याने गोपाळास नाटकास नेले. तो आपणास पाहुणा म्हणून नेत आहे, अशी गोपाळची समजूत. पुढे काही दिवसांनी त्या सोबत्याने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने वाद घातला नाही व बंधूंनाही जादा पैशासाठी लिहिले नाही. महिन्याच्या आठ रुपयांत दोन आणे कोठून काढावयाचे याचा त्याने विचार केला, व दिव्याच्या तेलाचा खर्च बंद करून रस्त्यावरील कंदिलाखाली अभ्यास केला. येणेप्रमाणे दोन आणे उरवून त्याने ते देणे फेडले.

रस्त्यावरील दिव्याची ही गोष्ट कष्टाळूपणाचा धडा म्हणून पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. आम्ही ती हिशेबाचा धडा म्हणून सांगतो. तीत तीन गोष्टी आहेत. पहिली, फुकट वाटलेली वस्तू पुष्कळदा उधारीची निघते. म्हणून घेण्यापूर्वीच पैसे कोण देणार हे विचारावे. दुसरी, देणे मान्य केले की ते पुढच्या महिन्यावर ढकलू नये. तिसरी गोष्ट अशी की, देणे फेडण्यास पैसा दोनच वाटांनी येतो. एक तर मिळकत वाढवावी, नाही तर एखादा खर्च कमी करावा. दुसऱ्याकडून उसने आणून पहिल्याचे फेडले तर देणे फिटत नाही, सावकाराचे नाव मात्र बदलते.

१८८१ साली गोपाळ मॅट्रिक झाला. आता भावावर भार नको, आपणही नोकरी पाहावी, असे त्याच्या मनात आले. पण गोविंदराव व त्यांची पत्नी यांनी ते ऐकले नाही. कॉलेजाच्या खर्चासाठी त्या वहिनींनी आपल्या अंगावरचे दागिने पुढे केल्याचे चरित्रकार सांगतात. गोपाळ आरंभी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात व शेवटी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला, व १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, बी. ए. झाला. त्या काळी अठराव्या वर्षी पदवीधर झालेल्या तरुणास सरकारी नोकरीची किंवा वकिलीची वाट मोकळी होती व त्या वाटेवर पैसा होता. गोखल्यांनी मात्र पुण्यास न्यू इंग्लिश स्कुलात ३५ रुपये पगारावर शिक्षकाची जागा पत्करली, व पुढच्याच वर्षी ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. वीस वर्षे ७५ रुपयांच्या वेतनावर शिकवावयाचे व शेवटी ३० रुपयांचे निवृत्तिवेतन घ्यावयाचे, असा हा करार होता.

येथे कोणी पालक म्हणतील की, हा तर अव्यवहार झाला; भावाने दागिन्यांपर्यंत वेळ येऊ देऊन शिकविले ते याकरिता काय? प्रश्न योग्य आहे, व तो गोखल्यांसमोरही असलाच पाहिजे. शाळेच्या वेतनाखेरीज ते सरकारी परीक्षेस बसणाऱ्यांचे वर्ग घेत; आपल्या अध्यापनातून त्यांनी एक अंकगणिताचे पुस्तकही तयार केले. ते पुस्तक इतके चालले की अनेक भाषांत त्याची रूपांतरे झाली व त्याचे उत्पन्न त्यांना पुढे अनेक वर्षे मिळत राहिले. गरजा थोड्या ठेवून उत्पन्नाचे एक जास्तीचे साधन त्यांनी स्वतःच्या बुद्धीने उभे केले, व अशा रीतीने ७५ रुपयांत त्यांना स्वतंत्र राहता आले. ज्याच्या गरजा मिळकतीपेक्षा मोठ्या, तो कितीही मिळवो, दुसऱ्याचा बांधील राहतो. गरज व हौस यांतील भेद अर्थशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या पानांवर असतो. गोखल्यांनी तो विसाव्या वर्षी आपल्या संसारात करून दाखविला.

फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकविले, इंग्रजी शिकविले, इतिहास व अर्थशास्त्रही शिकविले. जो विषय अंगावर येई तो ते नेटाने तयार करीत. याच काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची व त्यांची गाठ पडली. रानडे हे हिंदी अर्थशास्त्राचे आद्य अभ्यासक. सार्वजनिक सभेच्या कामात सरकारी अहवाल, जमाबंदीचे तक्ते, आयात-निर्यातीचे आकडे ते या तरुणापुढे टाकीत व त्यांतून अर्ज तयार करून घेत. एक आकडा चुकला तरी सारा मजकूर पुन्हा लिहावा लागे. १९०१ साली रानडे वारले, तोपर्यंत सुमारे चौदा वर्षे हा अभ्यास चालला. महाविद्यालयात त्यांना तीन वर्षांत पदवी मिळाली; खरे अर्थशास्त्र शिकण्यास त्यांना त्याच्या कितीतरी पट काळ लागला, हे उतावळ्या विद्यार्थ्यांनी ध्यानात धरावे.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास ते इंग्लंडास गेले. साक्ष उत्तम झाली. परंतु तेथे असतानाच पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून, प्लेगाच्या बंदोबस्तातील गोऱ्या शिपायांवर त्यांनी जाहीर आरोप केले. परत आल्यावर पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुरावा देण्यास पुढे येईना. तेव्हा गोखल्यांनी उघडपणे माफी मागितली. त्यावरून स्वकीयांनीही त्यांस फार टाकून बोलले व ते दुःख त्यांच्या मनात पुष्कळ दिवस राहिले. त्या वेळी लोकांचे हाल झाले नाहीत, असे आमचे म्हणणे नाही. पण जमाखर्चात ज्या रकमेची पावती नाही ती रक्कम धरता येत नाही, व पावती हाती नसताना आपण ती मांडली हे गोखल्यांनी स्वतःच्या विरुद्ध कबूल केले. पुढे कायदेमंडळात त्यांच्या आकड्यांवर सरकारी सभासदांनाही विश्वास ठेवावा लागला, त्याचे एक कारण हे असावे असे आम्हांस वाटते.

आता त्यांच्या आयुष्यातील मुख्य प्रसंगाकडे वळू. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास, लॉर्ड कर्झन यांच्या अध्यक्षतेखालील वरिष्ठ कायदेमंडळात हिंदुस्थानच्या अंदाजपत्रकावर चर्चा होती. गोखले तेव्हा पस्तीस वर्षांचे व त्या सभेत नवे होते. सरकारच्या तिजोरीत गतवर्षाची ७ कोटी रुपयांची शिल्लक दिसत होती, व इतकी शिल्लक पूर्वी कधी पडली नव्हती. सभासद अर्थमंत्र्यांचे अभिनंदन करीत होते. गोखल्यांनी उभे राहून ते अभिनंदन करण्यास नकार दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, नुकत्याच दोन भयंकर दुष्काळांतून निघालेल्या लोकांच्या देशात सरकारजवळ एवढी शिल्लक उरते, याचा अर्थ लोक सुखी आहेत असा होत नाही. सरकार जरुरीपेक्षा अधिक कर घेत आहे, असा होतो.

ही शिल्लक आली कोठून, हे समजण्यास चलनाचा विनिमय समजला पाहिजे. आमच्या जिल्ह्यातील वडीलधाऱ्यांस हा विषय नवा नाही. बीड हे निजामाच्या राज्यात असताना येथे हाली सिक्का चाले, व इंग्रजी मुलखात कलदार रुपया चाले. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा भाव होता. ज्यास नगरच्या पेठेत ६०० कलदार द्यावयाचे त्यास येथून ७०० हाली न्यावे लागत. आता असे समजा की, भाव बदलून सहाशे कलदारांस सहाशेच हाली पुरू लागले. तर देणाऱ्याचे शंभर रुपये वाचले, आणि त्यासाठी त्याला अधिक धान्य पिकवावे लागले नाही किंवा अधिक काटकसरही करावी लागली नाही.

हिंदुस्थान सरकारचे असेच झाले होते. सरकारला दरसाल इंग्लंडात दीड कोटी पौंडांहून मोठी रक्कम पाठवावी लागे. कर्जावरील व्याज, गोऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, लष्कराचा खर्च असे तिचे स्वरूप होते. रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा. चांदी स्वस्त होत गेली तसा रुपयाचा भाव १८९४-९५ च्या सुमारास १३ पेन्सांपर्यंत उतरला. पौंडाचे पेन्स २४०. म्हणजे एका पौंडास जवळजवळ साडेअठरा रुपये पडू लागले. ही तूट भरण्यासाठी सरकारने कर वाढविले. पुढे सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद ठेवून रुपयाची टंचाई केली व त्याचा भाव १६ पेन्सांवर आणून ठेवला. आता पौंडास १५ रुपये पुरू लागले. एक कोटी पौंड पाठविण्यास पूर्वी साडेअठरा कोटी रुपये लागत, ते पंधरा कोटींत भागू लागले. तूट गेली, परंतु तुटीच्या नावाने बसविलेले कर मात्र तसेच राहिले. तीच ही शिल्लक. गोखल्यांनी एकेक वर्षाचे आकडे घेऊन ही गोष्ट अंकगणिताच्या उदाहरणासारखी सोडवून दाखविली, व ऐकणाऱ्यांस उत्तर नाकारणे कठीण झाले.

या करांत सर्वांत कठोर कर मिठाचा होता. मिठावर १८८८ पासून मणास अडीच रुपये कर असे. रुपयाचे आणे सोळा व मणाचे शेर चाळीस. तेव्हा अडीच रुपयांचे चाळीस आणे होऊन, शेरभर मिठामागे एक आणा नुसता कर पडे. लक्षाधीशही मीठ तेवढेच खातो व मजूरही तेवढेच खातो. घाम गाळणाऱ्या मजुरास तर ते अधिकच लागते. म्हणून दोघांनी सारखीच रक्कम दिली तरी दोघांवर भार सारखा नसतो. ज्याची मिळकत हजार त्याला एक आणा कळत नाही. ज्याची मिळकत दिवसास दोन-तीन आणे त्याला तो भाकरीतून काढावा लागतो. कर किती यापेक्षा तो कोणाच्या मिळकतीचा कितवा हिस्सा आहे, हे पाहावे, हा अर्थशास्त्राचा मोठा नियम यावरून समजेल. गोखल्यांनी दुसरीही गोष्ट दाखविली. कर वाढला की गरीब लोक मीठ कमी खातात. तेव्हा कर कमी केल्यास खप वाढेल व सरकारचे नुकसान वाटते तितके होणार नाही.

हा आग्रह त्यांनी वर्षानुवर्षे सोडला नाही. १९०३ साली मिठाचा कर मणास दोन रुपये झाला, १९०५ साली दीड रुपया, व १९०७ साली एक रुपया. खपही वाढला. १९०३ सालीच प्राप्तीच्या कराची मर्यादा वर्षास ५०० वरून १,००० रुपयांवर गेली, व पुष्कळ लहान कारकून व दुकानदार त्या करातून सुटले. हे सर्व एकट्या गोखल्यांनी केले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या सभेत मिठाच्या शेरामागील आणा मोजणारा त्यांच्याइतका चिकाटीचा दुसरा कोणी नव्हता. पंधरांतील आठ रुपये ज्याने मोजले होते, त्याला सात कोटींमागील माणसे दिसली.

शेतकऱ्याच्या कर्जाविषयीही त्यांचे विचार आजच्या वाचकाने समजून घेण्यासारखे आहेत. १९०१ साली मुंबई सरकारने असा कायदा आणला की, साऱ्यासाठी जप्त झालेली जमीन शेतकऱ्यास परत देताना ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क त्यास ठेवू नये. हेतू सावकारापासून जमीन वाचविण्याचा होता. गोखल्यांनी विरोध केला. जमीन गहाण टाकता येत नाही असे ठरले की सावकार कर्ज देणार नाही. आणि दुसरे कोणी कर्ज देणारे आधी उभे केले नाही, तर बी-बियाण्यास शेतकऱ्याने जावे कोठे? १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला तेव्हा त्याच्या हेतूचे त्यांनी स्वागत केले. पण जुन्या कर्जाचा बोजा मानेवर तसाच ठेवून नुसती नवी पतपेढी काढल्याने भागणार नाही, हेही बजावले.

जुने कर्ज म्हणजे काय हे आकड्यांनीच पाहा. दरमहा शेकडा ३ हा व्याजाचा दर ऐकावयास लहान वाटतो. वर्षाचे तो ३६ होतो. १०,००० रुपये घेतले व काहीच फेडले नाही, आणि व्याज दरवर्षी मुद्दलात मिळविले, तर पहिल्या वर्षाअखेर १३,६०० व दुसऱ्या वर्षाअखेर १८,४९६ होतात. दोन वर्षांत कर्ज दुपटीच्या जवळ गेले. हेच चक्रवाढ व्याज तुमच्या बाजूने असले, म्हणजे तुम्ही पेढीत ठेव ठेवली असली, तर ते रात्रंदिवस तुमच्यासाठी राबते. विरुद्ध बाजूस असले तर तुम्हांस रात्रंदिवस राबविते. दर विचारताना तो महिन्याचा की वर्षाचा, व व्याजावर व्याज आहे की नाही, हे दोन प्रश्न ज्याने विचारले त्याची शाळेची फी वसूल झाली असे आम्ही समजू.

आता आम्ही अशा भागाकडे येतो की जो आमच्या जिल्ह्यातील वाचकांस विशेष जवळचा वाटेल. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत उसाच्या मळ्यांसाठी १८६० पासून हिंदी मजूर नेले जात. पाच वर्षांचा करार असे. तो मोडल्यास तुरुंग. वेतन पहिल्या वर्षी महिन्यास दहा शिलिंग. करार संपल्यावर जो तेथे राहील त्याच्यावर वर्षास ३ पौंड कर, व पुढे तो सोळा वर्षांवरील मुलांवर व तेरा वर्षांवरील मुलींवरही बसविला गेला. पौंडाचे शिलिंग वीस. तीन पौंडांचे साठ. म्हणजे पहिल्या वर्षाच्या दराने सहा महिन्यांची मजुरी एका माणसाच्या करात जाई. हेतू उघड होता : मजुराने कर न झेपून परत कराराच्या जोखडात मान घालावी. गोखल्यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये कायदेमंडळात ठराव आणून नाताळला मजूर पाठविण्याची बंदी मागितली. सरकारने तो मान्य केला, व १९११ च्या जुलैपासून ती भरती बंद झाली. १९१२ साली प्रकृती ढासळली असताना ते स्वतः दक्षिण आफ्रिकेस गेले. पुढे गांधीजींच्या सत्याग्रहासाठी त्यांनी देशभर पैसा उभा केला, व १९१४ साली तो ३ पौंडांचा कर रद्द झाला. हे मजूर बहुतेक तामीळ, तेलुगू व हिंदी बोलणारे होते. गोखल्यांच्या जातीचे वा प्रांताचे नव्हते.

हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आमच्याच वर्गातील रिकामी बाके येतात. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. जाण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीस एक कोयता म्हणतात, व त्या कोयत्याने जितके टन तोडले त्याची मजुरी उचलीतून वजा होते. नाताळचा करार व ही उचल या दोन्ही गोष्टी एक नव्हेत. काळ निराळा, कायदाही निराळा आहे. पण एक धागा दोहोंत आहे. काम करण्यापूर्वीच मजुरी खर्च झालेली असली, की मनुष्य घासाघीस करण्याची शक्ती गमावतो. हंगाम संपून बाकी अंगावर राहिली, तर पुढच्या वर्षी कोठे व कोणत्या दराने जावयाचे हे त्याच्या हाती राहत नाही. आणि पुष्कळदा ती बाकी किती, हे दुसऱ्याच्याच वहीत लिहिलेले असते.

मुलांनो, यात तुमच्याने काय होण्यासारखे आहे? फार मोठे नसेल, पण थोडे खात्रीने आहे. तुम्हांस लिहिता येते व बेरीज-वजाबाकी येते. उचल कोणत्या तारखेस किती घेतली, दर टनास किती ठरला, कोणत्या दिवशी किती वजन भरले, हे घरच्या वहीत तुम्ही लिहावे. वजनाच्या पावत्या एका पिशवीत जपून ठेवाव्यात. हंगामाच्या शेवटी दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताळा पाहावा. ज्या घरात अशी वही आहे त्या घराशी हिशेब करताना समोरचा मनुष्य जपून बोलतो, हे आम्ही पाहिले आहे. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलाला घरातील देणेघेणे कळू देण्यात कमीपणा मानू नये. गोविंदरावांची मिळकत १५ रुपये होती हे गोपाळास ठाऊक होते, म्हणूनच तो दोन आण्यांसाठी पत्र लिहीत बसला नाही.

शिक्षणावरील खर्चाविषयी गोखल्यांचे मत याच अनुभवातून आलेले होते. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यास मुभा देणारे विधेयक कायदेमंडळात मांडले. पैसा नाही, लोक तयार नाहीत, असे आक्षेप आले व पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी नापास झाले. काही खर्च असे असतात की ते केल्यावर पैसा संपतो. काही असे की ते पेरल्यासारखे असतात. कोणता खर्च कोणत्या जातीचा, हे ओळखणे हा घराच्या व राज्याच्या अंदाजपत्रकाचा प्राण आहे. गोविंदरावांचे दरमहाचे आठ रुपये पेरलेले होते. त्याचे पीक साऱ्या देशाने खाल्ले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशात २००९ साली झाला, म्हणजे त्या विधेयकानंतर ९८ वर्षांनी.

१९०२ साली कॉलेज सोडल्यानंतर गोखल्यांनी आपला सर्व वेळ देशकार्यास दिला. १२ जून १९०५ रोजी पुण्यास त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या सभासदांनी स्वतःसाठी द्रव्य मिळवावयाचे नाही, समाज देईल तेवढ्यावर राहावयाचे, असा नियम होता. त्याच वर्षी ते बनारस येथील काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९१४ साली सरकारने देऊ केलेली सरदारकीची पदवी त्यांनी नम्रपणे नाकारली. मधुमेहाने शरीर पोखरले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाची ४९ वर्षेही पुरी झाली नव्हती तोच, पुण्यास त्यांचे देहावसान झाले.

हिशेबी या शब्दास आपल्या बोलण्यात थोडा वाईट अर्थ चिकटला आहे. हिशेबी म्हणजे कंजूष, स्वार्थी, असे लोक समजतात. कंजूष मनुष्य आपल्याजवळ किती उरले एवढेच मोजतो. गोखल्यांनी, ते कोणाजवळून आले, हेही मोजले. म्हणून त्यांच्या हिशेबात काटकसर आहे तशीच कृतज्ञता आहे, आणि वेळ पडली तेव्हा राज्यकर्त्यांना तोंडावर जाब विचारण्याचे धैर्यही आहे.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, या सुटीत एक वही करा. तीत मिळाले, खर्चले, देणे व शिल्लक असे चार रकाने आखा. खाऊचे पाच रुपये का असेनात, रोज लिहा. मिळाले या रकान्यात नुसता आकडा लिहू नका. तो कोणी दिला व त्यासाठी त्यास किती वेळ राबावे लागले, हेही शेजारी लिहा. ती वही पुढच्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात आम्हांस आणून दाखवावी. आणि जी मुले तेव्हा फडावर असतील त्यांनी ती तेथेच लिहीत राहावी. परत आल्यावर आम्ही ती सर्वांच्या आधी तपासू.